टर्मिनस आणि टर्मिनल

ठाणें, डोंबिवली किंवा कल्याण येथें राहणाऱ्या कुटुंबांत मूल बोलूं लागतें न लागतें तोंच दोनचार इंग्रजी शब्द त्याच्या तोंडीं बसतात, आणि ते बहुधा आगगाडीचे असतात. ‘फास्ट’, ‘स्लो’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘पास’ हे शब्द आपल्या स्वयंपाकघरांतहि इतके रुळले आहेत कीं, ते परके आहेत याची आठवणहि कोणास होत नाहीं. घरांतील कर्ते पुरुष, आणि हल्लीं बहुतेक घरांतून सुनाहि, सकाळीं ज्या गाडीनें मुंबईस जातात ती जेथें थांबते त्या स्थानकाच्या नांवाशेवटीं ‘टर्मिनस’ हा शब्द आहे. आणि त्याच घरांतील एखादा नातू परदेशीं निघाला म्हणजे त्यास पोंचविण्यासाठीं सर्व मंडळी ज्या इमारतीपाशीं जातात तिला ‘टर्मिनल’ असें म्हणतात. हे शब्द एकच कीं दोन? दोन असल्यास त्यांच्यांत अंतर काय?

प्रश्न किरकोळ वाटेल. आम्हांसहि तो तसाच वाटत होता. परंतु गेल्या आषाढांत डोंबिवलीस आमच्या एका निकटच्या आप्तांच्या घरीं या दोहोंपैकीं एका शब्दानें तीन दिवस सर्वांची झोंप उडविली. तेव्हांपासून हा प्रश्न आम्हांस किरकोळ वाटेनासा झाला. ती हकीकत पुढें येईलच. आधीं शब्दांची नीट ओळख करून घेऊं.

प्रथम ‘टर्मिनस’. या शब्दाचें आणि ठाण्याचें नातें जुनें आहे. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून १४ डबे आणि सुमारें ४०० निमंत्रित घेऊन निघालेली गाडी २१ मैल, म्हणजे सुमारें ३४ किलोमीटर, चालून ठाण्यास येऊन थांबली, हें आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलें आहे. ती तेथें थांबली याचें कारण पुढें मार्गच नव्हता. ता. १ मे १८५४ रोजीं खाडी ओलांडून कल्याणपर्यंत मार्ग खुला झाला; तोंवर वर्षभर ठाणें हेंच टर्मिनस होतें. पुढें तो मान कल्याणाकडे गेला, पण तेथेंहि तो फार दिवस राहिला नाहीं. कल्याणापासून एक फांटा कर्जताकडून बोरघाटाच्या रोखानें व दुसरा कसाऱ्याकडून थळघाटाच्या रोखानें निघाला. बोरघाटाचा चढ १८६३ सालीं व थळघाटाचा १८६५ सालीं गाड्यांस खुला झाला, आणि कल्याण जें ‘जंक्शन’ झालें तें आजतागायत जंक्शनच आहे. मौज अशी कीं, २००४ सालीं ठाण्याहून वाशीकडे जाणारा मार्ग उतारूंसाठीं सुरू झाल्यापासून त्या मार्गापुरतें ठाणें पुन्हां टर्मिनस झालें आहे. एका फलाटावर उभें राहून पाहावें तर तें मधलें स्थानक. दुसऱ्या फलाटावरून पाहावें तर शेवटचें. तात्पर्य, शेवट हा गुण जागेचा नव्हे, मार्गाचा आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मुंबईचें मोठें टर्मिनस फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदानें आंखलें. १८७८ सालीं कामास आरंभ झाला, आणि १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास ५० वर्षें झालीं त्या निमित्तानें त्यास तिचें नांव मिळालें. १९९६ सालीं तें नांव जाऊन छत्रपति शिवाजी टर्मिनस असें झालें व २०१७ सालीं त्यांत ‘महाराज’ हा शब्द घालण्यांत आला. राणीचें नांव गेलें, महाराजांचें आलें. टर्मिनस मात्र जेथल्या तेथेंच राहिलें. आपल्या जिभेनें त्या सगळ्याचीं अक्षरें करून ‘सीएसएमटी’ म्हणावयास आरंभ केला, तरी शेवटचा ‘टी’ तेवढा सुटला नाहीं.

आतां या शब्दाचें कुळ पाहूं. ‘टर्मिनस’ हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ शीव, हद्द किंवा हद्दीचा दगड. प्राचीन रोमन लोकांत या नांवाचा एक देवच होता. दोन शेतांच्या मधला दगड हीच त्याची मूर्ति, आणि २३ फेब्रुवारीस शेजारी शेतकरी आपआपल्या बाजूनें येऊन त्या दगडास माळा घालीत, नैवेद्य दाखवीत. त्या सणास ‘टर्मिनालिया’ म्हणत. रोममधील टेंकडीवर ज्युपिटराचें देऊळ बांधतेवेळीं इतर देव जागा सोडून गेले, पण हा कांहीं केल्या हलेना, म्हणून त्याचा दगड देवळाच्या आंतच ठेवावा लागला, अशी त्यांची कथा आहे.

आपल्यास ही कल्पना परकी वाटूं नये. लग्नांत वराकडील मंडळी गांवच्या शिवेवर येऊन पोंचली म्हणजे वधुपित्यानें तेथें जाऊन त्यांची पूजा करावयाची, हेंच आपलें सीमांतपूजन. हल्लीं तें कार्यालयाच्या दिवाणखान्यांत उरकतें; पण शब्दांत शीव शाबूत आहे. तिकडे मुंबईकडे जातांना गाडींतून रोज दिसणारें ‘शीव’ हें स्थानक तर जुन्या मुंबई बेटाची हद्दच सांगतें. म्हणजे शीव आणि टर्मिनस हे दोन्ही शब्द एकाच लोहमार्गावर आहेत, आणि मूळ अर्थानें ते सख्खे भाऊ आहेत. खुद्द ठाण्याचेंहि असेंच. शिलाहारांच्या लेखांत या नगराचें नांव ‘श्रीस्थानक’ असें येतें. तेव्हां ‘ठाणें स्थानक’ असें म्हणणारा मनुष्य एकच शब्द नकळत दोनदां म्हणत असतो.

याच लॅटिन धातूपासून इंग्रजींत मोठा वंशविस्तार झाला आहे. शाळेची ‘टर्म’ म्हणजे दोन हद्दींमधला काळ. ‘डिटर्मिन’ म्हणजे हद्द ठरविणें, त्यावरून निश्चय करणें. ‘एक्स्टर्मिनेट’ म्हणजे मुळांत हद्दपार करणें. पुढें त्यास समूळ नाश असा अर्थ आला. ‘टर्मिनल’ हा त्याच वंशांतला.

दोहोंतील मुख्य अंतर व्याकरणाचें आहे. ‘टर्मिनस’ हें केवळ नाम आहे. ‘टर्मिनल’ हें आधीं विशेषण व मागाहून नाम. मराठींत ‘शेवट’ आणि ‘शेवटचा’ यांत जें अंतर तेंच येथें. ‘शेवट’ म्हटलें कीं अर्थ पुरा होतो. ‘शेवटचा’ म्हटलें कीं ऐकणारा विचारतो, शेवटचा कोण? लाडू, डबा कीं दिवस? विशेषण एकटें चालूं शकत नाहीं; त्यास सोबत लागते.

पुढें या विशेषणाचें नाम झालें व तें निरनिराळ्या घरीं निरनिराळ्या अर्थानें नांदूं लागलें. विमानतळावर उतारूंच्या इमारतीस ‘टर्मिनल’ म्हणतात. तेथें ‘टर्मिनस’ कोणी म्हणत नाहीं. विजेचें काम करणारा कारागीर ज्या टोंकास तार जोडतो तेंहि ‘टर्मिनल’. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत फांदीच्या अग्रावरची कळी ‘टर्मिनल’ असते, आणि ती तर वाढणारी असते, संपणारी नव्हे. शाळेंतील ‘टर्मिनल’ परीक्षा म्हणजे सत्राची परीक्षा; ती दिल्यानें कोणाचें शिक्षण संपत नाहीं, हें मुलांस आपण दरवर्षीं सांगतोंच.

राहतां राहिली आगगाडी. इंग्लंडांत मार्गाच्या अखेरच्या स्थानकास ‘टर्मिनस’ म्हणण्याची चाल, अमेरिकेंत ‘टर्मिनल’. न्यूयॉर्कमधील १९१३ सालीं उघडलेल्या प्रसिद्ध स्थानकाचें खरें नांव ‘ग्रँड सेंट्रल टर्मिनल’ असें आहे, जरी तेथील लोक बोलतांना त्यास खुशाल ‘स्टेशन’ म्हणतात. आपल्या देशांत दोन्ही चाली आहेत. कुर्ल्याचें लोकमान्य टिळक टर्मिनस व वांद्रें टर्मिनस ही जुनी तऱ्हा. दिल्लीचें आनंद विहार टर्मिनल व बंगळूरचें सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल ही नवी. स्थानकापुरता अर्थांत कांहीं भेद नाहीं. मुलांनीं विचारल्यास एवढेंच सांगावें कीं, नांव जसें ठेवलें असेल तसें लिहावें. विमानासाठीं नेहमीं ‘टर्मिनल’. आणि अनेकवचन करण्याचा प्रसंग आलाच तर पहिल्याचें ‘टर्मिनाय’ व दुसऱ्याचें ‘टर्मिनल्स’ असें करावें.

येथवर सारें शाळेच्या फळ्यावरचें झालें. आतां ती हकीकत.

आमच्या या आप्तांचें घर एकत्र कुटुंबाचें. आजोबांचें वय ७८. उभी हयात रेल्वेच्या कचेरींत हिशेब लिहिण्यांत गेली. दोन महिने त्यांचें पोट दुखत होतें, सायंकाळीं कणकण येई, वजन उतरत चाललें होतें. डॉक्टरांनीं पोटाची चित्रतपासणी करण्यास सांगितलें. अहवाल शुक्रवारीं सायंकाळीं नातवाच्या फोनवर आला. तो त्या वेळीं गाडींत, दाराशीं, एका हातानें कडी धरून उभा. त्यानें तेथेंच वाचला. बारीक अक्षरांत ‘टर्मिनल इलियम’ला सूज आहे असें कांहींसें होतें. ‘टर्मिनल’ हा शब्द त्यास ठाऊक होता, तो चित्रपटांतून. आणि पुढल्या शब्दाचा आरंभ ‘इल’ असा, म्हणजे आजारी, एवढें त्यास पुरलें. ‘टर्मिनली इल’ म्हणजे ज्यास औषध नाहीं असा रोगी. दिवा स्थानक केव्हां गेलें हें त्यास कळलें नाहीं.

घरीं येऊन त्यानें आईस सांगितलें, आईनें थोरल्या जावेस, जावेनें नवऱ्यास. डॉक्टरांचा दवाखाना शनिवारीं व रविवारीं बंद. दोघां भावांनीं माडीवर दार लोटून ठरविलें कीं, आजोबांस यांतील एक अक्षर कळूं द्यावयाचें नाहीं. आजींनीं कांहीं विचारलें नाहीं. त्यांनीं फक्त देव पाण्यांत ठेवले. शनिवारीं दुपारीं पुण्याची लेक येऊन दाखल झाली, आणि ‘सहज आलें’ असें म्हणून मोरींत जाऊन रडून आली.

रविवारीं जेवणें झाल्यावर आजोबांनीं सर्वांस बाहेरच्या खोलींत बोलाविलें. ते म्हणाले, “माझी लेक सणवार नसतां, पूर्वीं न कळवितां माहेरीं येते. नातू माझ्याशीं नजर चुकवितो. दोन्ही सुना मला दोन दिवस माझ्या आवडीचेंच करून वाढतात. मीं चाळीस वर्षें हिशेब तपासले आहेत. एवढा हिशेब मला लागत नाहीं काय? तो कागद आणा.”

नाइलाजानें फोन त्यांच्या हातीं देण्यांत आला. त्यांनीं चष्मा पुसला, अक्षर मोठें करून घेतलें, ती ओळ दोनदां वाचली, आणि मग विचारलें तें असें: “टर्मिनल, ठीक आहे. पण कोणत्या लाइनीचें?”

कोणासच उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां त्यांनीं कपाटांतील जुना इंग्रजी कोश काढावयास लाविला. धाकट्या सूनबाईंनीं घाईनें पान उघडलें व वाचलें: इलियम म्हणजे कमरेचें हाड. पोट दुखणाऱ्या माणसाच्या कमरेच्या हाडाचा शेवट म्हणजे काय, याचा उलगडा होईना. पण हा शब्द रोग्याचा नसून शरीराच्या कसल्यातरी भागाचा आहे, इतकें तरी कळलें, आणि तीन दिवसांत प्रथमच त्या घरांत कोणी चहा मागितला.

सोमवारीं डॉक्टरांनीं कागदावर चित्र काढून खुलासा केला. येथेंहि सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांचाच घोंटाळा होता. इंग्रजींत ‘इलियम’ असे दोन शब्द आहेत. उच्चार एकच, लिहितांना मधलें एक अक्षर बदलतें. एक कमरेचें हाड; दुसरा लहान आंतड्याचा तिसरा व अखेरचा भाग. लहान आंतडें सुमारें ६ मीटर लांब असतें. तें उजव्या बाजूस ओटीपोटांत मोठ्या आंतड्यास मिळतें; त्या मिलनाच्या अलीकडचा जो तुकडा तो ‘टर्मिनल इलियम’. ब-१२ जीवनसत्त्व मुख्यत्वें येथेंच शोषलें जातें. हा भाग तुम्हांआम्हां सर्वांस जन्मतःच असतो. डॉक्टर म्हणाले, “पुढें मोठी लाइन सुरू होतेच, ही लहान लाइन येथें संपते, इतकेंच. आणि टर्मिनसवर गाडी जास्त वेळ उभी राहते, म्हणून रोगजंतूंचीहि गर्दी तेथें अधिक होते.” पुढें तुकडा काढून तपासतां आजोबांस आंतड्याचा क्षय असल्याचें ठरलें. रोग लहान नव्हे. परंतु त्यास सहा महिन्यांचें औषध आहे व तें नेमानें घेतल्यास तो बहुधा बरा होतो. हें लिहितेवेळीं त्यांचें औषध चालू आहे, वजन वाढूं लागलें आहे, आणि ते सायंकाळीं फडके रस्त्यापर्यंत पायीं जाऊन येतात.

नातवाच्या चुकीस हंसण्याचें कारण नाहीं, कारण ही भीति त्याच्या आधीं मोठमोठ्या वैद्यांनींहि ओळखली होती. १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयांतील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपनहायमर या तिघांनीं आंतड्याच्या याच तुकड्याच्या एका रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. प्रथम त्यांनीं त्यास ‘टर्मिनल इलायटिस’, म्हणजे अखेरच्या इलियमची सूज, असें म्हटलें होतें. परंतु ‘टर्मिनल’ हा शब्द ऐकून हा रोग मरणान्तिकच आहे असा समज होईल, म्हणून छापतांना ‘रीजनल’, म्हणजे एका भागापुरती, असें विशेषण घालण्यांत आलें. पुढें तो रोग क्रोनच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. ज्यांची ती भाषा त्यांसहि या विशेषणाची धास्ती वाटली, मग गाडींत उभें राहून तें वाचणाऱ्या आपल्या मुलास वाटली तर नवल कसलें?

आणि आपल्या भाषेंत तरी निराळें काय आहे? ‘अंत्य’ हा शब्द घ्या. ‘अंत्येष्टि’ म्हटलें कीं आपण चपापतों. पण मुलें गच्चीवर बसून ‘अंत्याक्षरी’ खेळतात तेव्हां कोणी त्यांस अशुभ बोलूं नका असें म्हणत नाहीं. घरांतील शेवटच्या अपत्यास आपण शेंडेफळ म्हणून अधिकच लाडावतों. आपल्या भाषेंत आपण शब्दाचा शेजारी पाहून अर्थ लावतों, कारण ती आपल्या अंगवळणीं पडली आहे. परक्या भाषेंत मात्र एका ओळखीच्या शब्दास घट्ट धरतों आणि त्याच्या शेजाऱ्याकडे पाहतच नाहीं.

याच कल्याणांत १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी घेतली, तेव्हां इंग्रजी वैद्यक आपल्या घरांतील स्त्रीच्या तोंडून बोलूं शकतें हें सिद्ध झालें. आज तें वैद्यक प्रत्येकाच्या खिशांतील फोनवर, डॉक्टरांच्या आधीं, येऊन पोंचतें. तेव्हां आमची वाचकांस विनंति इतकीच कीं, तपासणीचा अहवाल घरांत आला म्हणजे त्यांतील विशेषणावरून निकाल लावूं नये. तें कशाचें विशेषण आहे हें पाहावें, शब्दाचें स्पेलिंग अक्षर न अक्षर ताडून पाहावें, आणि अर्थ डॉक्टरांस विचारावा. दोन दिवस थांबावें लागलें तर थांबावें. तर्कानें ते दिवस भरून काढूं नयेत.

एक गोष्ट मात्र राहिली. ‘टर्मिनल’ या विशेषणाचा तो दुसरा, कठीण अर्थहि खोटा नाहीं. कांहीं घरांत तो अहवालांतून खरोखरच येतो. अशा रोग्यांचें दुःख हलकें करण्यासाठीं लंडनमध्यें १९६७ सालीं डॉ. सिसिली साँडर्स यांनीं सेंट ख्रिस्टोफर्स हें शुश्रूषागृह उघडलें, आणि मुंबईंत वांद्र्यास १९८६ सालीं शांति आवेदना सदन सुरू झालें. अर्थात् ‘औषध नाहीं’ याचा अर्थ ‘करण्यासारखें कांहीं नाहीं’ असा नव्हे, हें जगानें मान्य केलें आहे. परंतु असे प्रसंगीं रोग्यापासून गोष्ट लपवावी कीं नाहीं, याविषयीं आपल्या कुटुंबांतून अजून एकमत नाहीं. प्रेमापोटींच लपवितात, हें आम्ही जाणतों.

त्या सोमवारीं दवाखान्यांतून परततांना रिक्षेंत आजोबांनीं थोरल्या मुलास जें सांगितलें तें त्यानेंच आम्हांस कळविलें. ते म्हणाले, “या खेपेस तुम्हीं शब्द चुकीचा वाचला, त्याबद्दल माझा राग नाहीं. पण उद्यां तो बरोबर वाचण्याची पाळी आली, तर माडीवर दार लावून बसूं नका. मला आधीं सांगा. गाडी कोठें थांबणार, हें उतारूस ठाऊक असावें लागतें. त्यास सामान आवरावयाचें असतें.”

मुलानें त्या वेळीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. पण घरीं पोंचल्यावर त्यानें अहवालाचा कागद छापून आणला आणि सर्वांसमक्ष वडिलांच्या हातीं दिला. तो आतां त्यांच्या औषधांच्या डब्याखालीं असतो. आणि ‘टर्मिनल’ या शब्दाखालीं त्यांनीं पेन्सिलीनें मराठींत लिहून ठेवलें आहे: लहान लाइनीचें.